कूलंट कमी झालं, तर ते गेलं कुठे?

मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडं टाकून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आजच्या गाड्या फारच सोशिक वाटतात. तेव्हा डिकीत पाण्याचा कॅन ठेवल्याशिवाय घाटाला कुणी निघत नसे. आता विजेवर चालणारा पंखा, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि नीट सील केलेली कूलिंग सिस्टिम यांमुळे कसाऱ्याचा चढ भर उन्हात एसी लावून पार होतो. या निर्धास्तपणात एक गोष्ट मात्र हरवली. गाडीत कोणते द्रव आहेत आणि ते कशासाठी आहेत, याच्याशी मालकाचा संबंधच उरला नाही. सर्व्हिसच्या बिलावर ‘कूलंट टॉप-अप’, ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ अशा ओळी येतात, आपण पैसे भरतो आणि गाडी घेऊन जातो. बंद नळ्यांतून फिरणारं कूलंट मुळात कमी झालंच कसं, हे कुणी विचारत नाही.

माझ्या मते या द्रवांची वाटणी ते किती लिटर लागतात किंवा किती महाग आहेत यावरून न करता, ते कमी व्हायला हवेत की नकोत यावरून करावी. इंधन, काच धुण्याचं पाणी आणि नव्या डिझेल गाड्यांतलं डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी, हे खर्च होण्यासाठीच असतात. कूलंट, गिअर ऑइल आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल बंदिस्त असतं, तिथे पातळी घटली की काहीतरी बिघडलं आहे असंच धरायचं. ब्रेक ऑइल तर पातळी जागची न हलता खराब होतं. इंजिन ऑइल या सगळ्याच तऱ्हांनी वागतं. ही वाटणी डोक्यात असली की टॉप-अपकडे बघण्याची नजर बदलते. भर घातल्याने बाटली भरते, पण गाडी जे सांगू पाहत होती ते त्याच भरीखाली दबून जातं.

सुरुवात कूलंटपासून करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी पळवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्याचा मोठा वाटा कूलंटला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावा लागतो. निव्वळ उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. पण पाणी १०० अंशांना उकळतं, धातू गंजवतं आणि क्षार मागे सोडतं. म्हणून त्यात एथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं मिसळतात. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण साध्या हवेच्या दाबाला साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाने सिस्टिममध्ये सुमारे एक बारचा जास्तीचा दाब धरून ठेवला, की तोच आकडा १२० च्या पुढे जातो. वीस-पंचवीस रुपयांच्या रबरासारखं दिसणारं झाकणाचं ते सील ढिलं पडलं, तर कूलंट कितीही उत्तम असो, गाडी घाटात उकळू शकते.

हेच मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत थिजत नाही. नागपूरच्या किंवा जळगावच्या माणसाला या आकड्याचं काय काम, असं वाटेल, आणि ते बरोबरच आहे. लेह किंवा स्पितीला गाडी नेणारे सोडले, तर आपल्याकडे पैसे मोजायचे ते उकळबिंदूसाठी आणि त्याहून जास्त गंजरोधकांसाठी. मात्र लेहला निघण्याआधी वर्षभर साध्या पाण्याने भर घातलेली गाडी एकदा तपासून घ्यावी. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणावर थेंबभर कूलंट टाकलं की ग्लायकॉलचं प्रमाण मिनिटात कळतं, आणि बऱ्या गॅरेजमध्ये ते असतं. उलट चूकही होते. जास्त घट्ट ते जास्त चांगलं, असं समजून निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतणारे आहेत. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच थिजतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी उचलतं. दुकानात तयार मिश्रण आणि कॉन्सन्ट्रेट शेजारी शेजारी ठेवलेली असतात, डबे सारखेच दिसतात. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घातलं, तर ग्लायकॉल एक चतुर्थांशावर येतं आणि गंजरोधकही त्याच प्रमाणात पातळ होतात. डबा वाचायला लागतं ते अर्धं मिनिट यासाठी द्यावं.

कॉन्सन्ट्रेटमध्ये घालायचं पाणी डिस्टिल्ड हवं, बोअरचं नको. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या गरम भिंतींवर चढतो, आणि तिथे विळा लावून खरवडायची सोय नसते. अडीअडचणीला रस्त्यात पिण्याचं पाणी घालून गॅरेज गाठण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते नंतर तसंच सोडून देण्यात.

रंगाचा घोळ वेगळाच आहे. हिरवं, लाल, गुलाबी, निळं, नारिंगी, जांभळं. रंग हा कंपनीने घातलेला निव्वळ रंग असतो, त्याला कुठलंही मानक नाही. टोयोटाचं गुलाबी आणि दुसऱ्या कुणाचं गुलाबी यांत रसायन एकच असेल याची हमी नाही, आणि होंडाचं निळं म्हणजे कुठलंही निळं नव्हे. खरा फरक गंजरोधकांत असतो. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट असे अजैविक क्षार असायचे. ते धातूवर झटकन थर धरतात आणि लवकर संपतात, म्हणून ते कूलंट दोन वर्षांनी बदलायचं. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारलेली कूलंट आली. ती फक्त जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करत असल्याने पाच वर्षं आणि त्याहून अधिक टिकतात. पुढे दोन्हींची मिश्रणं निघाली, आणि इथे युरोप आणि जपान वेगळ्या वाटांनी गेले. युरोपातलं पाणी जड, त्यात फॉस्फेट घातलं तर गाळ बसतो, म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट ठेवलं. जपानी कंपन्यांना सिलिकेटमुळे वॉटर पंपाच्या सीलची झीज होते असं वाटलं, म्हणून त्यांनी फॉस्फेट ठेवलं. आपल्या रस्त्यावर हे दोन्ही घराण्यांचे वारस एकाच सिग्नलला उभे असतात. चाकणला बनलेली फोक्सवॅगन युरोपच्या रीतीची, तर शेजारची टोयोटा जपानच्या. नाक्यावरचा मिस्त्री मात्र दोघींत एकाच डब्यातलं हिरवं ओततो. लगेच काही होत नाही, आणि हीच अडचण आहे. मिसळलेली रसायनं एकमेकांचं आयुष्य खातात, पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षांचं होतं, काही जोड्यांत जेलीसारखा गाळही धरतो. मालक मात्र पुस्तिकेतला पाच वर्षांचा आकडा धरून बसलेला असतो. रंग विसरून पुस्तिकेत दिलेला स्पेसिफिकेशन क्रमांक डब्यावर शोधणं, एवढाच यावरचा उपाय.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड, म्हणजे शक्यतो सकाळी पहिल्यांदा चालू करण्याआधी. बाटलीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी हवी. जुन्या पिवळट बाटलीवर कूलंटचा डाग पडलेला असतो आणि तोच पातळी म्हणून वाचला जातो, म्हणून बॉनेट धरून गाडी जरा हलवावी. डुचमळलं तर द्रव, नाहीतर डाग. याहून मोठी फसगत दुसरी आहे. अनेक गाड्यांत ही बाटली निव्वळ साठवणीची असते. इंजिन तापलं की फुगलेलं कूलंट तिच्यात येतं, निवलं की रेडिएटर ते परत ओढून घेतो. झाकणाची झडप किंवा मधली नळी खराब असली तर ओढणं थांबतं. मग बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असा प्रकार होतो. म्हणून अशा गाड्यांत महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, इंजिन थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडून आत पाहावं. कूलंट तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. ज्या गाड्यांत बाटलीचं झाकणच दाबाचं असतं, तिथे हा प्रश्न येत नाही. गरम इंजिनचं झाकण मात्र कुठल्याच गाडीत उघडू नये. दाब गेला की १०० च्या वर तापलेलं मिश्रण क्षणात उकळून तोंडावर येतं.

पातळी खरंच घटली असेल तर ती दोनच दिशांना जाऊ शकते, बाहेर किंवा आत. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आत अडकलेली हवा निघून पातळी एकदा थोडी उतरते, ते सोडून द्या. वर्षभरात बोटभर कमी होणंही चालतं. त्याहून जास्त असेल तर शोधाशोध करावी. बाहेरची गळती सापडायला सोपी. होजच्या क्लॅम्पभोवती वाळलेली पांढरी किंवा रंगीत पापडी, वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून आलेला ओघळ, रेडिएटरचं प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम जिथे जोडलंय तिथला ओलावा. हीटरचा कोअर गळत असेल तर गाडीत गोडसर वास येतो, समोरची काच आतून चिकट धुक्याने भरते आणि डाव्या सीटपुढची मॅट ओली होते. हे पाणी एसीचं असेल असं म्हणून मॅट उन्हात वाळत घालणारे पुष्कळ. एसीच्या पाण्याला वास आणि चिकटपणा नसतो.

आतली गळती म्हणजे बहुधा हेड गॅस्केट. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो, इंजिन ऑइल दुधाळ होतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, थंड गाडी सुरू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा कडक लागतो. यात एक सावधगिरी. पावसाळ्यात मुंबईत रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसते. इंजिन पुरतं तापतच नाही, म्हणून आतली वाफ तिथे जमते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर तेवढ्या सायीवरून हेड उतरवायला निघालेल्या मिस्त्रीला थांबवावं आणि आधी प्रेशर टेस्ट करायला सांगावी. हातपंपाने सिस्टिममध्ये दाब भरून तो टिकतो का ते बघायचं, इतकंच त्यात असतं.

गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा देशी उपाय अजून चालतो. बाजारात मिळणारं लीक-स्टॉपही तत्त्वतः तेच करतं, भेगेत अडकून ती बुजवतं. प्रश्न असा की कोणती फट बुजवायची आणि कोणती मोकळी ठेवायची, हे हळदीला कळत नाही. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटर कोअरच्या नळ्या इतक्या अरुंद आहेत की गळती थांबते आणि वर्षभरात गाडी हीट मारायला लागते.

हीट झालीच तर काय करावं, याबद्दल जुन्या सवयी घातक आहेत. काटा वर चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटर मदतीला येतो. काटा लाल पट्टीला टेकला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं. मग हेड लेथवर फेस मारायला नेण्याचा खर्च येतो, आणि तडा असेल तर नवं हेड. अनेक नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, गार असताना निळा आणि तापल्यावर लाल असे दोन दिवे असतात. काटा असला तरी तो मधल्या मोठ्या टप्प्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे तो हलला की उशीर झालेला असतो. त्यातही कूलंट पूर्ण गळून गेलं असेल तर सेन्सर हवेत लोंबत राहतो आणि इंजिन भाजत असताना सगळं ठीक असल्याचं सांगतो. मालकाला काटा-दिवा यांपलीकडे काहीच दाखवायचं नाही, ही गाडी कंपन्यांची सोय मला तरी पटलेली नाही.

इंजिन ऑइलचं गणित निराळं. ते थोडं जळतंच, त्यामुळे महिन्यातून एकदा डिपस्टिक बघणं हेच शहाणपण. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून, कांडी पुसून, पुन्हा बुडवून. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एका लिटरचं असतं. काळा रंग पाहून घाबरू नये, डिझेल गाडीत तर नवं तेल काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं आणि ते त्याच्या कामाचं लक्षण आहे. काळजी करावी ती पातळी वाढली तर. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ही प्रक्रिया अर्धवट तुटत राहिली की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तेल पातळ होतं आणि पातळी वर सरकते. खूण पार केलेली पाहून मालक खूश होतो, बेअरिंग मात्र झिजत असतात. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवणं आणि पातळी चढली असेल तर मुदतीआधी तेल बदलणं हाच त्यावरचा उपाय.

ग्रेडबद्दलही जुना समज चिवट आहे, की आपल्या उन्हाळ्यात घट्ट तेलच हवं. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप त्या पातळपणाला धरूनच आखलेले असतात. २०डब्ल्यू-५० घातलं तर सकाळी पहिल्या काही सेकंदांत ते वर पोचायलाच वेळ लागतो, आणि झीज नेमकी तेव्हाच होते. मुदत बहुतेक ठिकाणी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मालक यातला दुसरा भाग वाचत नाही.

ब्रेक ऑइलमध्ये माझ्या मते सर्वांत जास्त जोखीम आहे आणि सर्वांत कमी लक्ष. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो, रबरी होजमधूनसुद्धा. डॉट ४ दर्जाचं कोरडं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. आता चार वर्षं रत्नागिरीच्या दमट हवेत राहिलेली, भरलेली गाडी कुंभार्ली किंवा आंबोली घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरते आहे असं समजा. कॅलिपर तापतो, आतलं पाणी उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकतं. पातळी मात्र अगदी बरोबर असते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी उभी असली तरी, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा. पातळी हळूहळू खाली येत असेल तर बहुधा पॅड झिजलेत. भर घालण्याआधी ते बघावेत. नवे पॅड बसले की पातळी आपोआप वर येते, आणि आधी भर घातलेली असेल तर तेल बाहेर सांडून बॉनेटखालचा रंग खातं.

गिअर ऑइलच्या बाबतीत ‘लाइफटाइम’ हा शब्द कुणाच्या लाइफविषयी आहे ते विचारायला हवं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांच्या पुस्तिकेत तेल बदलण्याचा उल्लेखच नसतो. पण गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर त्या गाडीसाठी सांगितलेलंच तेल हवं, तिथे चालवून घेणं महागात पडतं. पॉवर स्टिअरिंग आता बहुतेक गाड्यांत विजेवर चालतं, तपासायला तेलच नाही. काच धुण्याच्या टाकीत साधं स्वच्छ पाणी आणि त्यासाठीचं द्रावण पुरे. केसांचा शाम्पू घातला तर जेट बुजतात.

बीएस-६ मानकं १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि अनेक डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची आणखी एक टाकी आली. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं पाणी. खताचा युरिया पाण्यात विरघळवून पैसे वाचवण्याची कल्पना खेड्यापाड्यांत सुचतेच, पण आपल्याकडचा शेतीचा युरिया कडुनिंबाचं तेल चोपडलेला असतो. तो इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट निकामी करतो, आणि अनुदानाचं खत गाडीत घालणं हा गुन्हा वेगळाच. या टाकीत डिझेल गेलं तर गाडी सुरूच करू नये, टाकी रिकामी करून घ्यावी.

सर्व्हिस सेंटरच्या बिलाबद्दल दोन शब्द. इंजिन फ्लश, ऑइल ॲडिटिव्ह, रेडिएटर क्लीनर यांतलं बरंचसं पुस्तिकेत नसतं, आणि पुस्तिकेत नसलेल्या गोष्टीला नाही म्हणण्याचा हक्क ग्राहकाला आहे. दुसरीकडे ब्रेक ऑइल बदलायला ‘अजून चांगलं दिसतंय’ म्हणून नकार देणारे ग्राहकही रोज भेटतात. डोळ्यांनी त्यातलं पाणी दिसत नाही.

काढलेलं जुनं कूलंट जमिनीवर किंवा गटारात ओतलं जातं, त्याची फारशी चर्चा होत नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरी ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडं बंद पाडतात. लहान मुलांनाही हाच धोका. त्याच्या भावंडाने, डायएथिलीन ग्लायकॉलने, १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून १४ रुग्णांचा जीव घेतला होता. न्या. लेंटिन आयोग नेमला गेला तो त्याच प्रकरणात. म्हणून कूलंट कधीही पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, आणि सांडलं तर भरपूर पाण्याने धुवावं. जुन्या इंजिन ऑइलची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर टाकणारे नियम आले आहेत. जुन्या कूलंटसाठी नाक्यावरच्या गॅरेजला असा काही सोयीचा मार्ग अजून दिसत नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की या सगळ्यातून सुटका, असं सांगणारे विक्रेते अर्धंच सांगतात. इंजिन ऑइल गेलं, खरं. पण नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांची बॅटरी द्रवानेच थंड होते, आणि तिथलं कूलंट कंपनीने सांगितलेलंच हवं. काही गाड्यांत तर वीज फार वाहू न देणारं खास कूलंट लागतं, त्यात नळाचं पाणी घालून चालत नाही. मोटरच्या रिडक्शन गिअरला तेल असतं. आणि मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने ब्रेक कमी लागतात, पॅड वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे चाक उघडून बघायचं निमित्तच येत नाही. ब्रेक ऑइल मात्र तिथेही दोन वर्षांत तेवढंच पाणी पितं.